शाळकरी पैलवान : कालचे थोर की आजचे?

श्री मारुती मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम चालू असता गावात जे लहानमोठे वाद झाले, त्यांपैकी बहुतेक वाळू, फरशी आणि वर्गणी यांच्यासंबंधी होते व ते यथावकाश मिटले. एक वाद मात्र निराळा होता. तो पैशावरून झाला नाही की भावकीवरून झाला नाही. तो एका तसबिरीवरून झाला आणि तब्बल एक पावसाळाभर मंदिराच्या पारावर रंगला. त्या वादात गावाला आपल्या मातीचा बराच इतिहास उजळणीस मिळाला. म्हणून त्याची नोंद या स्मरणिकेत असणे उचित होय.

मंदिराच्या उजव्या अंगास असलेली तालीम सर्वांच्या परिचयाची आहे. तिची मागली भिंत खचली होती, कौले फुटली होती आणि आखाड्याच्या हौद्यात कुणी जुनी पत्रे तर कुणी मोडक्या खुर्च्या आणून टाकल्या होत्या. मंदिराच्या कामाबरोबर तालीम पाडावी व तेथे लग्नकार्यास उपयोगी पडेल असे सभागृह बांधावे, असा एक विचार ग्रामसभेत पुढे आला. त्या विचारात गैर काही नव्हते. परंतु मारुतीच्या देवळाला तालीम नसणे म्हणजे विठोबाच्या देवळाला वीणा नसणे होय, असे वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे पडले आणि अखेर तालीम राखावयाची असे ठरले.

हे वर्तमान मुंबईस कळताच तेथे नोकरीनिमित्त असलेल्या गावच्या एका सुपुत्राने तालमीसाठी देणगी पाठविली. सोबत नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती होती आणि एक अट होती. ती अशी की, शाळेत असतानाच लांग कसून नाव काढलेल्या सर्वांत थोर पैलवानाची मोठी तसबीर तालमीच्या दर्शनी भिंतीवर लावावी, म्हणजे हायस्कुलात जाणाऱ्या पोरांना ती पाहून हुरूप येईल. तो पैलवान कोण, हे मात्र दात्याने लिहिले नव्हते. ते गावाने ठरवावयाचे होते.

इथेच वादाला तोंड फुटले.

मारुती आणि तालीम

वादाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे. कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांच्या काठच्या मुलखात मारुती आणि बलोपासना यांचे नाते फार जुने आहे. सतराव्या शतकात समर्थ रामदासस्वामींनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी, बहे, शिराळा, मनपाडळे, पारगाव ही सारी ठाणी याच टापूत येतात. गावोगाव मारुतीचे देऊळ आणि देवळाच्या आडोशाला तालीम हा रिवाज या मुलखात खोल रुजला. हौद्यातील तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती मऊ करावयाची, पहाटे उठून ती खोऱ्याने उकरावयाची, मारुतीला नमस्कार करून कपाळी माती लावावयाची आणि मग जोर-बैठकांस आरंभ करावयाचा, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला.

या उपासनेला राजाश्रय दिला तो छत्रपती शाहू महाराजांनी. १८९४ साली महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि १९२२ साली त्यांचे निधन झाले. या अठ्ठावीस वर्षांत कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी झाली. गावोगावचे पैलवान कोल्हापुरात येऊन राहू लागले, त्यांच्या खुराकाची सोय दरबारातून होऊ लागली, उत्तरेकडील नामांकित मल्लांशी जोडी लागू लागल्या. १९१२ साली खासबागेचे मैदान तयार झाले. मधोमध आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्याने शेवटल्या ओळीतल्या माणसालाही डाव स्पष्ट दिसतो.

महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. एकाच राजाने शाळेलाही हात दिला आणि तालमीलाही. ‘एक तर शीक, नाहीतर कुस्ती खेळ’ असे पोराला सांगण्याची रीत पुढे पडली असेल. परंतु या मातीतील मूळ विचार तसा नव्हता. शाळेच्या दप्तराबरोबर लंगोट नेणारा मुलगा हा या मुलखाला परका नव्हे.

जुन्यांचा पक्ष : कऱ्हाडच्या शाळेतील मुलगा

पारावर जुन्या मंडळींनी पहिल्याच दिवशी नाव घेतले ते खाशाबा दादासाहेब जाधव यांचे. कऱ्हाडपासून हाकेच्या अंतरावर गोळेश्वर हे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. घरातच वस्ताद असल्याने मुलगा लहानपणीच मातीत उतरला. १९४० ते १९४७ या काळात खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत होते. त्यांचा देह काही अवाढव्य नव्हता. उंची बेताची, वजन हलके. परंतु अंगात विजेची चपळाई आणि ढाकेवर विलक्षण हुकमत. जड पैलवानाला हलका पैलवान कसा लोळवतो हे पाहावयाचे तर खाशाबांची कुस्ती पाहावी, असे जुने लोक सांगत.

शाळा संपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तोवर सारी उमर मातीत गेलेली; तेथे गेल्यावर गादीवरच्या कुस्तीशी गाठ पडली. तरीही ५२ किलो वजनगटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

पुढील ऑलिंपिक १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे होते. या वेळी संस्थान विलीन झालेले होते आणि प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. गोळेश्वरच्या आणि कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली. दुकानदारांनी यथाशक्ति दिले. तरीही तूट राहिली, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले आणि ७,००० रुपये उभे केले. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी एक प्राध्यापक आपले घर गहाण टाकतो, ही गोष्ट पारावर सांगितली गेली तेव्हा काही क्षण कोणीच बोलले नाही.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनगटात खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी येथील मल्लांना त्यांनी हरविले. नंतर जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ कुस्ती झाली व ती गुणांवर गेली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना रशियाच्या रशीद मामेदबेयोव याच्याशी भिडावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो दाखवून भांडण्यास तेथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. ती तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक होय.

परत आल्यावर कऱ्हाड स्थानकापासून गोळेश्वरापर्यंत सुमारे दीडशे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट. तिला सात तास लागले. त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवून जे उत्पन्न आले त्यातून प्राचार्यांचे घर सोडविले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

जुन्या पक्षाने आणखीही नावे घेतली. शिराळा तालुक्यातील पुणवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनी १९६२ सालच्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळविले. आंदळकर १९६० साली व माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. १९६१ साली पहिला महाराष्ट्र केसरी होण्याचा मान दिनकर दह्यारी यांना मिळाला. १९६९ साली महाराष्ट्र केसरी झालेले हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७७ साली बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालवर मात केली, ती कुस्ती रेडिओवर आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या मुलखाने अनुभवली. परंतु दात्याची अट शाळकरी पैलवानाची असल्याने जुन्या पक्षाचा हट्ट अखेर खाशाबांवर येऊन ठेपला.

नव्यांचा पक्ष : गादीवरची पोरे

तरुण मंडळी गप्प बसणारी नव्हती. “तात्या, तुमचं सगळं खरं. पण सत्तर वर्सं झाली की त्याला. नंतर कोण जन्मलंच न्हाई व्हय?” असा सवाल त्यांनी टाकला. त्यावर “जन्मलं असंल, पर गादीवर. मातीत लोळल्याबिगर पैलवान हुतोय काय?” असे उत्तर आले आणि पारावर हशा पिकला. तथापि तरुणांनी पुढे जो मुद्दा मांडला तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

त्यांचे म्हणणे असे की, तुलना करावयाची तर वजनगट एकच धरावा. खाशाबा ५७ किलोत खेळले. त्याच ५७ किलोच्या फ्रीस्टाईल कुस्तीत पुढे भारताला आणखी दोन ऑलिंपिक पदके मिळाली. २०२१ साली टोकियो येथे रविकुमार दहिया यांनी रौप्य मिळविले आणि २०२४ साली पॅरिस येथे अमन सेहरावत यांनी कांस्य मिळविले.

हे दोघेही हरियाणाच्या खेड्यांतले. रविकुमार सोनिपत जिल्ह्यातील नाहरी गावचे, तर अमन झज्जर जिल्ह्यातील बिरोहरचे. दोघेही दहा वर्षांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील चौथी-पाचवीच्या वयात, दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधील आखाड्यात राहावयास गेले. रविकुमार यांचे वडील दुसऱ्याची जमीन कसणारे शेतकरी. मुलाला दूध आणि फळे कमी पडू नयेत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे गावाहून दिल्लीस खेपा घातल्या. अमन यांचे दुःख त्याहून मोठे. अकरा वर्षांचे होईतो आई-वडील दोघेही गेले. आजोबांच्या आधारावर मुलगा वाढला आणि २०२२ साली तेवीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा पहिला भारतीय ठरला. पॅरिसला पदक मिळाले तेव्हा वय होते अवघे एकवीस. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळविणारा इतका तरुण भारतीय त्यापूर्वी झाला नव्हता.

टोकियोतील उपांत्य कुस्तीची हकीकत तर तरुणांनी डावासकट सांगितली. कझाकस्तानचा मल्ल ९ गुणांवर आणि रविकुमार २ गुणांवर, वेळ संपत आलेली. अशा स्थितीत रविकुमार यांनी त्याला मिठी मारून खाली घेतला आणि चीत केला. त्या मल्लाने दंडाला चावा घेतला तरी पकड सुटली नाही. ही गोष्ट ऐकून जुन्या पक्षातील एक आबा इतके खूश झाले की, आपण कोणत्या बाजूचे हे विसरून “शाब्बास रे पठ्ठ्या!” म्हणून मोकळे झाले.

मराठी मुलाचे नाव नको काय, असे कुणी म्हटले तेव्हा राहुल आवारे यांचे नाव निघाले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा हा मल्ल पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली तयार झाला. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण मिळविले, तेही ५७ किलोतच; आणि २०१९ साली ६१ किलोत जागतिक स्पर्धेचे कांस्य मिळविले. म्हणजे १९७७ चा वस्ताद आणि २०१८ चा शागीर्द अशी जुन्या-नव्याची साखळी येथे प्रत्यक्ष जुळलेली दिसते.

तराजू कोणता?

आता तोलून पाहण्याची वेळ आली. दोन्ही पक्षांनी आपापली वजने पारड्यात टाकली, ती अशी.

पहिले वजन वयाचे. खाशाबांनी हायस्कूल सोडले तेव्हा त्यांचे वय एकवीस होते. त्या काळी खेड्यातील मुले शाळेत उशिरा जात आणि मॅट्रिकच्या वर्गात मिसरूड फुटलेले गडी बसत. ज्या वयात अमन यांनी ऑलिंपिकचे पदक गळ्यात घातले, त्या वयात खाशाबा नुकते शाळेबाहेर पडत होते. आजच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात व जन्मतारखेचा दाखला काटेकोर पाहिला जातो. तेव्हा ‘शाळकरी पैलवान’ या शब्दाचा अर्थच दोन काळांत एक नाही.

दुसरे वजन वेळेचे. १९५२ साली ऑलिंपिकची कुस्ती पंधरा मिनिटे चाले. आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच संपते. पंधरा मिनिटे दम राखणे ही एक विद्या आहे आणि सहा मिनिटांत सारे बळ ओतणे ही दुसरी. बैल आणि घोडा यांत श्रेष्ठ कोण, असे विचारण्यासारखेच ते आहे. नांगराला एक लागतो, शर्यतीला दुसरा.

तिसरे वजन पदकाचे. १९५२ साली प्रत्येक गटात कांस्यपदक एकच होते. २००८ सालापासून कुस्तीत प्रत्येक गटात दोन कांस्यपदके दिली जातात. हे ऐकून जुन्या पक्षाने मिशीवर ताव दिला. परंतु तरुणांचेही उत्तर तयार होते. १९५२ साली पुरुषांच्या फ्रीस्टाईलचे आठ वजनगट होते, आज सहाच आहेत. आणि आधी पात्रता स्पर्धा जिंकून सोळा जणांत यावे लागते, तेव्हा ऑलिंपिकचे तोंड दिसते. त्यामुळे हे वजन दोन्ही बाजूंना सारखेच झुकले.

चौथे वजन प्रतिस्पर्ध्याचे. ‘तेव्हा फारसे देश नव्हते’ असे एकाने म्हटले, ते मात्र टिकले नाही. रशिया, म्हणजे त्या वेळचा सोव्हिएत संघ, १९५२ सालीच प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरला आणि १९४८ साली बाहेर राहिलेला जपानही परत आला. म्हणजे कुस्तीतील दोन बलाढ्य देश नेमके खाशाबांच्या वाट्याला आले. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला एकच सुवर्ण मिळाले, ते खाशाबांना हरविणाऱ्या इशीचे. आणि योगायोग पाहावा, पॅरिसला अमन यांना उपांत्य कुस्तीत हरविले तेही जपानच्याच री हिगुची याने, आणि त्या गटाचे सुवर्णही त्यानेच नेले. बहात्तर वर्षांनी त्याच वजनात, त्याच देशाच्या मल्लाने तीच वाट अडविली. आणि दोन्ही वेळा भारताचा गडी कांस्य घेऊनच घरी आला.

पाचवे वजन खुराकाचे आणि साधनांचे. खाशाबांच्या मागे ना डॉक्टर होता, ना मालीशवाला, ना आहार सांगणारा तज्ज्ञ. पॅरिसमध्ये उपांत्य कुस्तीनंतर अमन यांचे वजन वाढले, तेव्हा दोन प्रशिक्षकांनी रात्रभर जागून दहा तासांत ४.६ किलो वजन उतरविले आणि सकाळी ते काट्यावर बरोबर बसले. खाशाबांच्या वेळी नियम सांगायला एक माणूस हजर नव्हता. अमन यांच्या वेळी रात्रभर जागायला माणसे होती. या ठिकाणी येऊन वाद थोडा थबकला, कारण बोलता बोलता दोन्ही पक्षांच्या ध्यानात एकच गोष्ट आली. फरक पैलवानांत दिसत होता त्यापेक्षा त्यांच्या मागे उभे राहणाऱ्यांत अधिक होता.

ज्यांची नावे कोणी घेतली नाहीत

याच सुमारास एक गोष्ट घडली. वाद ऐकत बसलेल्या हायस्कूलच्या मुलींपैकी एकीने विचारले, “आबा, पैलवान म्हंजी पोरंच का?” पारावर क्षणभर शांतता पसरली. प्रश्न लहान होता. पण त्याला टाळण्यासारखे काही नव्हते.

ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती २००४ सालापासून आहे. २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिक यांनी कांस्यपदक मिळविले. २०२३ साली सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि तो किताब सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी पटकावला. म्हणजे सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात आता मुलीही लांग कसतात, हे वर्तमान आहे. ते कुणाला रुचो वा न रुचो. मारुतीच्या तालमीत मुलींनी यावे की नाही, यावर गावात दोन मते आहेत आणि ती एका दिवसात एक होणार नाहीत. परंतु शाळेच्या पटांगणावरील खोलीत गादी टाकून मुलींचा सराव घेण्यास कोणीच हरकत घेतली नाही, हे नमूद करण्याजोगे आहे. मारुतीरायाची शक्ती सीतामाईच्या शोधासाठी खर्ची पडली, हे एका आजींनी सांगितले आणि त्यावर कोणाला बोलावयास जागाच उरली नाही.

दुसरीही नावे राहिली. तालमीच्या जुन्या खांबावर खिळ्याने कोरलेली काही अक्षरे दुरुस्तीच्या वेळी दिसली. कोण्या काळच्या शाळकरी पोरांनी आपली नावे, इयत्ता आणि यात्रेत मारलेल्या कुस्त्यांच्या खुणा तेथे कोरल्या होत्या. यात्रेत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागत, त्यानंतर नारळावर आणि मग फेट्यावर. रेवड्यांवरून नारळापर्यंत पुष्कळ पोरे गेली. नारळाच्या पुढे जावयाचे तर दुधाचा रतीब लागे, घरच्या शेतातून सुटका लागे, जिल्ह्याच्या गावी जाण्यास गाडीभाडे लागे. ते ज्यांना मिळाले नाही, ती पोरे चांगली कुस्ती अंगात असूनही उसाच्या फडावर, गिरणीत किंवा मुंबईच्या गोदीत गेली. त्यांची उमेद कमी होती असे कोण म्हणेल? त्यांच्यासाठी घर गहाण ठेवणारा कोणी भेटला नाही, एवढेच.

देणगी पाठविणारे सद्गृहस्थही त्याच पोरांपैकी एक असावेत, असा तर्क पारावर झाला. खांबावरची एक इयत्ता आणि एक साल त्यांच्या वयाशी जुळते. परंतु नाव न सांगण्याची त्यांची इच्छा असल्याने त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नव्हे.

निकाल

अखेर श्रावणी शनिवारी, मारुतीच्या पूजेनंतर, वादाचा निकाल लावण्यासाठी गाव पारावर जमला. आश्चर्य असे की, त्या दिवशी फारसा वाद झालाच नाही.

तसबीर खाशाबांची लावावयाची असे ठरले. ते रविकुमारपेक्षा किंवा अमनपेक्षा मोठे पैलवान होते, असा त्याचा अर्थ कोणी लावू नये. तो हिशोब पारावर सुटला नाही आणि सुटणारही नाही. माती निराळी, वेळ निराळी, काटा निराळा. या टापूतील शाळेत शिकलेला, येथल्याच लोकांच्या वर्गणीवर आणि एका शिक्षकाच्या घराच्या तारणावर परदेशी गेलेला असा तो एक मुलगा होता. म्हणून येथील पोरांनी रोज पहावयाचा चेहरा त्याचा असावा, एवढेच ठरले.

तरुणांनी त्यास मान्यता दिली. मात्र दोन गोष्टी मागून घेतल्या. पहिली अशी की, तसबीर मोठी न करता बेताची करावी आणि वाचलेली रक्कम हायस्कूलच्या मुलामुलींना तालुका, जिल्हा व विभागीय शालेय स्पर्धांस जाण्याच्या गाडीभाड्यासाठी आणि खुराकासाठी बाजूस ठेवावी. दात्यांना तसे पत्राने कळविले असता उलट टपाली त्यांची संमती आली व सोबत आणखी काही रक्कमही आली. दुसरी मागणी अशी की, तसबिरीच्या खाली एक फळा असावा आणि जिल्हा पातळीवर खेळलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, इयत्ता व साल त्यावर लिहावे. खांबावर खिळ्याने कोरण्याची पाळी पुन्हा कोणावर येऊ नये, हा त्यातील हेतू. जुना खांब बदलावयाचा होता. तोही आता तसाच राखण्यात आला आहे.

हौद्यातील पत्रे आणि खुर्च्या निघाल्या. नवी तांबडी माती आली. ताक गवळी आळीने दिले, तेल व हळद बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी दिली, लिंबे मळ्यांतून आली. माती मळण्यास तात्या, आबा आणि त्यांच्याशी दोन महिने वाद घालणारी पोरे एकाच वेळी हौद्यात उतरली होती. मळता मळताही कुणीतरी आंदळकर मोठे की माने, असा विषय काढलाच. तो वाद अजून चालू आहे.

देवळाचा कळस चढला आहे, तालमीचे दार उघडे आहे आणि पहाटे दिवा लागतो. ज्या दात्यांनी व ग्रामस्थांनी या कार्यास तन, मन, धन अर्पण केले, त्या सर्वांना श्री मारुतीराय उदंड आयुष्य व आरोग्य देवोत. आणि फळ्यावर पहिले नाव लवकर लिहिण्याचा योग येवो, हीच त्याचे चरणी प्रार्थना.

॥ बोला बजरंगबली की जय ॥